बाजूला बसणारा

यंदा महालक्ष्म्यांना आमचा पुतण्या पुण्याहून आला, तो आगगाडीने आला नाही. चारही चाकांना जोर मिळणारी एक दांडगी गाडी स्वतः हाकीत आला. जटपुरा वॉर्डातल्या आमच्या बोळात ती शिरेना, तेव्हा शेजाऱ्यांच्या तुळशीची कुंडी दोघांनी उचलून बाजूला ठेवली आणि मग स्वारी दाराशी उभी राहिली. त्या दिवशी निम्मा वॉर्ड महालक्ष्म्यांच्या दर्शनाला म्हणून आला आणि गाडी पाहून परत गेला.

सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी असे यथासांग जेवण झाले. वहिनी सुपारी कातरीत जरा निवांत बसल्या होत्या, तोच चिरंजीवांनी बातमी फोडली. येत्या थंडीत ते राजस्थानच्या वाळवंटात मोटारींच्या शर्यतीत उतरणार होते. शर्यत एका दिवसाची नव्हे, अनेक दिवसांची. आणि डांबरी रस्त्यावरची नव्हे, वाळूतली.

“तिथे रस्ता तरी आहे का रे?” वहिनींनी विचारले.

“रस्ता नसतो, आई. तीच तर गंमत!”

अडकित्ता जो थांबला तो थांबलाच. आमचे बंधू अशा प्रसंगी वर्तमानपत्राच्या आड जातात, तसे ते गेले. शेवटी वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, तुमचा जन्म जंगलात गेला. तुम्हीच सांगा ह्याला काय ते.”

आता माझा जन्म जंगलात गेला हे खरे. आलापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागात वनखात्याच्या नोकरीत मी तीस पावसाळे काढले. पण सागवानाच्या जंगलात राहिलेल्या माणसाला वाळवंटातले काय कळणार? उन्हाचे तेवढे मला कोणी सांगू नये. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 47-48 अंशांवर चढतो, तेव्हा अरबस्तानातला माणूसही आमच्याकडे पाहुणा म्हणून यायला कचरेल. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि पुतण्याने आणलेली चित्रे, पुस्तके, हलती छायाचित्रे घेऊन अभ्यासाला बसलो.

आमच्या झाडीपट्टीत शर्यत म्हटली की शंकरपट. बैलांची जोडी, हलकी छकडी, वर धुरकरी, आणि दोन्ही बाजूंना ओरडणारे गावच्या गाव. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा इकडच्या गावांची थंडी सुनी गेली; 2023 साली घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला आणि पटांवरचे सावट गेले. पण शंकरपट म्हणजे काही सेकंदांचा मामला. विडी शिलगावायला मान खाली घातली तर जोडी पार झालेली असते. पुतण्या म्हणत होता ती जात वेगळी. तेथे घड्याळ पंधरा-पंधरा दिवस चालू राहते, आणि बहुतेक लोक जिंकायला जातच नाहीत. शेवटपर्यंत पोहोचले तरी गंगेत घोडे न्हाले.

या जातीतली सर्वांत नाव झालेली शर्यत म्हणजे डाकार रॅली. तिचा जन्मच मुळी वाट चुकण्यातून झाला. थिएरी साबीन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ 1977 साली आबिजान ते नीस या शर्यतीत मोटारसायकल घेऊन गेला आणि लिबियाच्या वाळवंटात हरवला. सुदैवाने सापडला. तुम्ही-आम्ही अशा प्रसंगातून वाचलो असतो तर सत्यनारायण घातला असता आणि पुन्हा वाळूचे नाव काढले नसते. साबीनच्या मनात आले, की हा अनुभव इतरांनाही मिळाला पाहिजे! 26 डिसेंबर 1978 रोजी पॅरिसहून 182 वाहने निघाली. भूमध्य समुद्र ओलांडून, सहारा तुडवून, सुमारे दहा हजार किलोमीटर अंतर कापून सेनेगालच्या डाकार शहरी पोहोचली ती 74. पुढे 1986 साली त्याच शर्यतीत मालीच्या वाळूत हेलिकॉप्टर कोसळून साबीन गेला. शर्यत मात्र चालू राहिली. मॉरिटानियात अतिरेक्यांचे भय निर्माण झाले म्हणून 2008 सालची रद्द झाली, 2009 पासून ती दक्षिण अमेरिकेत भरू लागली, आणि 2020 पासून सौदी अरेबियात भरते. डाकार शहर केव्हाच मागे राहिले, नाव तेवढे राहिले आहे. दादरला बिऱ्हाड केलेले नागपूरकर असतात, तसेच हे.

माझी अशी समजूत होती, की अशा शर्यतीत धाडस लागते ते वेगाचे. चार दिवस वाचल्यावर ती साफ बदलली. वेग लागतोच, पण खरे काम आहे ते वाट काढण्याचे. स्पर्धकाला नकाशा देत नाहीत. देतात ती एक मार्गवही. पूर्वी ती कागदाची गुंडाळी असे, आता पुष्कळ ठिकाणी काचेच्या पाटीवर उमटते. तिच्यात डावीकडे अंतर लिहिलेले असते, तेही किलोमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत. मध्ये एक छोटीशी रेघोट्यांची आकृती: इथे तीन वाटा फुटतात, मधली धरा, इथे कोरडी नदी आहे, उजवी कड धरा. उजवीकडे सूचना आणि होकायंत्राचे अंश. धोक्यासाठी उद्गारचिन्हे असतात. एक असेल तर सांभाळा, दोन असतील तर वेग सोडा, तीन असतील तर देवाचे नाव घ्या. ही वही निघण्यापूर्वी जेमतेम काही मिनिटे हातात पडते, म्हणजे घोकून पाठ करण्याची सोयच नाही. उपग्रहावरून ठिकाण सांगणारे यंत्र 1992 पासून या शर्यतीत आले. परंतु ते तुम्हाला सरळ वाट दाखवील अशी आशा नको. नेमलेल्या ठिकाणाच्या अगदी जवळ गेलात तरच ते दिशा दाखवते. चुकलात की डोंगराएवढ्या वाळूत तुम्ही आणि तुमचे नशीब.

वाळूही काही साधी नव्हे. सकाळच्या तिरप्या उन्हात टेकाडांच्या सावल्या पडतात आणि उंचसखल कळते. दुपारी सूर्य डोक्यावर आला, की सगळे सपाट दिसते आणि पुढे दहा पुरुष खोल उतार आहे हे गाडीचे नाक खाली गेल्यावरच कळते. टेकाड चढताना मध्ये थांबले की गाडी रुतली. माथ्यावर जोराने गेले की पलीकडे उलटली. म्हणून माथ्याशी वेग नेमका तोडायचा. चाके रुतू नयेत म्हणून त्यांतली हवा कमी करतात. चाक पसरते आणि उंटाच्या पायासारखे वाळूवर बसते. मग कठीण जमीन आली, की पुन्हा हवा भरायची. बरोबर फावडे आणि फळ्या हव्यातच. हे वाचले तेव्हा मात्र मला घरच्यासारखे वाटले. फावडे आणि फळी घेतल्याशिवाय आलापल्लीहून आमचा ट्रक कधी हलला नाही. तिकडे वाळू, इकडे चिखल, एवढाच काय तो फरक.

आता ही वही वाचणार कोण? मोटारसायकलवाला एकटा असतो. तो ताशी शंभराच्या वेगाने जात असता खाली वहीकडे आणि वर वाळूकडे आळीपाळीने पाहतो. मोटारीत मात्र दोघे असतात. एक हाकतो, दुसरा वाचतो. हाकणाऱ्याचे नाव सगळ्या जगाला कळते. 2001 साली युटा क्लाइनश्मिट या जर्मन बाईंनी डाकार जिंकली. मोटारींच्या गटात पहिली येणारी ती पहिली आणि आजवरची एकमेव स्त्री, म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते, आणि योग्यच आहे. पण त्या शर्यतीत तिच्या शेजारी बसून आंद्रेआस शुल्त्स नावाचा जो गृहस्थ “डावीकडे, आता उजवीकडे, पुढे खड्डा” असे सांगत होता, त्याचे नाव पुतण्यालाही शोधून काढावे लागले.

दिशा चुकली म्हणजे काय होते, याची एक हकीकत मी मुद्दाम वहिनींना वाचून दाखवली. 1982 च्या जानेवारीत ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क या शर्यतीत गेला होता. तयारी जवळजवळ काहीच केली नव्हती, असे पुढे त्याने स्वतःच कबूल केले. सहारात गाडी मोडली. तिघेही गाडीपाशीच थांबून राहिले, ही एक गोष्ट शहाणपणाची. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांना पाहिले, ठिकाण लिहून घेतले. पण पुढे जाऊन पूर्वेऐवजी पश्चिम सांगितली, असे मार्कचे म्हणणे. सहा दिवस पत्ता नाही. पोलादी बाई म्हणून जिची ख्याती, ती माउली लोकांदेखत रडली. शेवटी अल्जीरियाच्या लष्करी विमानाला ती गाडी दिसली.

“बघ,” वहिनी मुलाला म्हणाल्या, “तिच्याजवळ विमाने होती. माझ्याजवळ काय आहे?”

याला उत्तर नव्हते. आणि मीही त्याच्या बाजूने काही सजवून सांगणार नव्हतो. या एका शर्यतीने आजवर सत्तरांहून अधिक माणसे खाल्ली आहेत, आणि त्यांतली पुष्कळ शर्यतीत नव्हतीच. वाटेवरच्या गावांतली होती, बघायला उभी राहिलेली मुले होती. आपल्या देशाचा बंगळूरचा सी. एस. संतोष हा 2015 साली डाकार पुरी करणारा पहिला भारतीय. तोच 2021 साली सौदीच्या वाळूत असा पडला, की कित्येक दिवस बेशुद्धावस्थेत ठेवावा लागला. नशिबाने घरी परतला. त्याच्या आदल्याच वर्षी भारतीय चमूकडून धावणारा पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्व्हिस मात्र परतला नाही. त्याच्याजवळ पहिल्याने जो थांबला तो ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस, म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी. तो शर्यत सोडून त्याच्यापाशी बसला, आणि हेलिकॉप्टरपर्यंत त्याला उचलून न्यायलाही त्याने खांदा दिला. या खेळात जखमी माणसासाठी थांबलेल्याचा गेलेला वेळ त्याला परत देण्याचा नियम आहे. हा नियम वाचून माझे मत या लोकांविषयी जरा बरे झाले.

पुतण्याचाही एक हुकमी पत्ता होता. पुण्याचे संजय टकले 2025 च्या जानेवारीत सौदीतील डाकार क्लासिकमध्ये गेले आणि पहिल्या वीसांत येऊन ती पुरी करून आले. मोटारीतून डाकार पुरी करणारे ते पहिले भारतीय. वय पन्नाशीच्या पुढे, गाडी जुन्या घडणीची लँड क्रूझर. या क्लासिक विभागात जुन्या काळच्या गाड्या असतात आणि वेगापेक्षा नेमस्तपणाला गुण मिळतात. ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा; लवकर पोहोचलात तरी दंड, उशिरा पोहोचलात तरी दंड. हे ऐकून आमचे बंधू वर्तमानपत्राआडून प्रथमच बोलले, “म्हणजे कचेरीसारखे झाले.” असो. टकल्यांच्या शेजारी एक फ्रेंच गृहस्थ वाट सांगायला होता.

“आणि तुझ्या शेजारी कोण?” मी विचारले.

“आहे एक मित्र. हलका आहे, काका. पंचावन्न किलो. वजन वाचते.”

“वाट वाचतो का?”

“त्यात काय? मी सांगीन त्याला. तो माझ्या शब्दाबाहेर नाही.”

येथवर मी तटस्थ होतो. हे शेवटचे वाक्य ऐकले आणि मला 1984 सालचा जून महिना आठवला. ही गोष्ट मी घरात कधी पुरती सांगितली नव्हती.

मृग लागायच्या आत माल आगारात पोहोचवायचा अशी घाई होती. भामरागडच्या बाजूने सागाचे ओंडके भरून शेवटचा ट्रक निघाला होता आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. खरे म्हणजे ती जागा क्लीनरची. सतरा वर्षांचा पोरगा. साहेब बसले म्हणून तो मागे ओंडक्यांवर गेला. आलापल्लीची ती वाट साठ-पासष्ट किलोमीटरची, पण नाले मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरत नसत. वळवाचा पाऊस वर कुठे तरी पडून गेला होता. एका नाल्यावर पोरगा खाली उडी टाकून पुढे गेला, पाण्यात काठी टाकली आणि परत येऊन म्हणाला, “थांबा जी. पाणी वाढून राहिलं.” ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. पाणी गुडघाभर दिसत होते. मला दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला जायचे होते, घरी साखरपुडा होता. मी म्हणालो, “चला हो, एवढ्याशा पाण्याला काय होते!”

मध्यावर ट्रक अडकला. पोरगा चाकामागे दगड लावायला उतरला, तो त्याला कोणी सांगितले म्हणून नव्हे. ते त्याचे कामच होते. खालची रेती सरकली, ट्रक हातभर मागे आला आणि त्याचा पाय चाक आणि दगड यांच्यामध्ये सापडला. रात्रभर आम्ही त्याला खाटेवर घालून चालत नेला. पाय राहिला, पण घोट्यातून कायमचा गेला. साखरपुडा माझ्यावाचून झाला. पुढे कागदोपत्री जे लिहिले गेले त्यात नैसर्गिक आपत्ती असे शब्द होते, आणि ते लिहिणारा मीच होतो.

मी हे सांगितले तेव्हा घरात कोणी बोलले नाही. वहिनींनी अडकित्ता मिटला. त्या साखरपुड्याची नवरी मुलगी माझी बहीण. मी का आलो नाही हे तिला आजही पुरामुळे असेच ठाऊक आहे. ती हा अंक वाचते.

दुसऱ्या दिवशी मी एक शाळकरी वही घेतली आणि चंद्रपूरपासून आलापल्लीच्या पुढे आडबाजूच्या एका गावापर्यंतची मार्गवही आठवणीने लिहून काढली. बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टीचा वैनगंगेवरचा पूल; पुढे मोठा रस्ता सोडून आडवाटा; अंतरे, फाटे, मोहाची झाडे, उद्गारचिन्हे. गावांच्या पाट्या मुद्दाम लिहिल्या नाहीत. गाडी पुतण्याने हाकायची, वही वहिनींनी वाचायची, मी मागे बसून तोंड उघडायचे नाही, असे ठरले. वहिनींनी चष्मा लावला, पदर खोचला आणि जन्मात प्रथमच पुढच्या जागेवर बसल्या.

आष्टीपर्यंत फार छान चालले. “बेचाळीसावर डावीकडे विहीर,” त्या म्हणत आणि विहीर येई. मग लहान मुलीसारख्या हसत. पुढे एका फाट्यावर त्या म्हणाल्या, “डावीकडे घे.” डावीकडची वाट अगदीच भिकार दिसत होती, उजवीकडे नवी कोरी खडी पडली होती. पुतण्या उजवीकडे गेला. सहा किलोमीटरांनी रस्ता एका खदानीत संपला.

तो वैतागून म्हणाला, “आई, तू ओरडली का नाहीस?”

वहिनी वहीवर बोट ठेवून बसल्या होत्या. “सांगितले की एकदा. दुसऱ्यांदा सांगायची सवय ह्या घरात मला कोणी लागू दिली नाही.”

मागे बसलेला मी खिडकीबाहेर पाहू लागलो. पुतण्याने गाडी वळवली आणि फाट्यापर्यंत कोणी काही बोलले नाही. फाट्यावर मात्र तो हळूच म्हणाला, “ह्यापुढे मी ऐकेपर्यंत सांगत जा.” त्यानंतर वहिनींनी जो आवाज लावला, तो आमच्या वॉर्डात ऐकू गेला असता.

त्या आडगावच्या वेशीवर एक चहाची टपरी आहे. मालकाचे वय अठ्ठावन्न, डावा पाय ओढीत चालतो. वर्षातून एकदा मी तेथे जातो. तो चहाचे पैसे घेत नाही, मी ठेवल्याशिवाय उठत नाही, हा आमचा ठरलेला वाद. त्याने गाडीला एक फेरी मारली, टायरवर अंगठा दाबून पाहिला आणि पुतण्याला विचारले, “हवा कमी करायला शिकले का जी?” मग दोघे अर्धा तास गाडीखाली होते. काय बोलले मला माहीत नाही.

परतताना पावसाने गाठले. रपट्यावरून पाणी चालले होते, फार नाही, वीतभर. पुतण्याने वेग कमी केला आणि वहिनींकडे पाहिले. वहीत त्या ठिकाणी मी तीन उद्गारचिन्हे काढली होती. “थांब,” वहिनी म्हणाल्या. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केले. पाणी उतरायला अडीच तास लागले. तेवढ्यात डब्यातल्या पुऱ्या संपल्या आणि पलीकडच्या तीरावर अडकलेल्या बसमधल्या लोकांशी आमची हाकाहाकीने चांगली ओळख झाली.

वहिनींनी होकार दिला असे मी म्हणणार नाही. त्यांनी फक्त शर्यत किती तारखेला आहे हे विचारले आणि ती तारीख कालनिर्णयावर पेन्सिलीने लिहून ठेवली. पुण्याला निघताना पुतण्याने मला प्रवेशाचा अर्ज दाखवला. हाकणाऱ्याच्या रकान्यात त्याचे नाव होते. बाजूच्या रकान्यातले पंचावन्न किलोंचे नाव खोडलेले होते, आणि त्याच्या जागी अजून दुसरे लिहिलेले नव्हते.

“एक आहे डोक्यात,” तो म्हणाला. “कॉलेजात माझ्याशी सारखा भांडायचा. तीन वर्षे बोलत नाही आम्ही. फोन करून बघतो.”